बाबांच्या नावाचे रिपोर्ट

मिरकरवाडा, रत्नागिरी
१९ सप्टेंबर २०२५

चि. शमिकास आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं इथे बरी आहोत असं लिहायची पद्धत, म्हणून लिहिलं. फोन सोडून कागद घेतला म्हणून घाबरू नको गो. एकच खोली, एकच फोन, आणि तुझे बाबा आता दिवसभर घरात. बोलू कशी? मुंबईला माशांची गाडी नेणाऱ्या रितेशकडे सोडे देते आहे, त्यातच हे घातलंय. सोड्यांना आधी ऊन दाखव, मग डब्यात भर.

तू विचारलंस, बाबांना नवीन यंत्र कोणतं घेऊ, हातातलं घड्याळ की छातीचा पट्टा. घड्याळ नको. बोटीवर जाळं ओढायच्या विंचची वायर चालू असली की कुणी मनगटात दोरासुद्धा ठेवत नाही, अडकला तर हात जातो. तीस वर्षांची सवय ती. घड्याळ खुंटीला राहील आणि तू मुंबईत बसून खुंटीचे ठोके बघशील. पट्टा घे. सदऱ्याखाली दिसणार नाही, म्हणून घालतील तरी.

गणपतीत तू आणलीस ती ठोके बघायची, अंगठे ठेवायची पट्टी वाईट नव्हती. तू गेल्यावर दोन दिवस मी बाबांना घेऊन बसले. अंगठे ठेवले की फोन म्हणायचा, पुन्हा ठेवा. गरम पाण्यात बुडवले, पुसले, परत ठेवले. रश्शी ओढून ओढून त्यांच्या अंगठ्यांची कातडी कशी झालीय तुला ठाऊक आहे, काटा रुतला तरी कळत नाही. तिसऱ्या दिवशी भडकलेच. "माझं काळीज काय लिलावाला लावलंय, रोज सकाळी मांडायला? सगळं बरं आहे म्हणून पाठव नि मोकळी हो!"

पाठवणार कसं? यंत्र काय मी सांगेन ते लिहितं? आणि पंधरा दिवस रिपोर्ट चांगले आले तर बोटीवर जाऊ देईन, असं तुझे मुंबईचे डॉक्टर म्हणाले होते. मे महिन्यात बाबा बोटीवर छातीत कळ येऊन पडले, तेव्हापासून त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. बोट चालवणारा तांडेल माणूस, जेटीवर उभा राहून दुसऱ्यांच्या बोटी बघायचा.

म्हणून मी माझे अंगठे ठेवले.

नऊ दिवस तुला बाबांच्या नावाने गेले ते सगळे रिपोर्ट माझे. मला वाटलं, मी धडधाकट, तुझं बाळंतपण सोडलं तर दवाखान्याची पायरी चढले नाही. चांगलेच येणार. कसला मेला शहाणपणा! रविवारी तुझा फोन आला, ठोके चुकतायत, डॉक्टर म्हणतात बोट बंद, लगेच मुंबईला घेऊन ये. सोमवारी त्यांच्या हाताखालचा सागर तांडेल होऊन बोट घेऊन गेला. त्यांना वाटतं, पहिल्या दोन दिवसांतच यंत्राने काहीतरी पकडलं. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. जेवायला उठवावं लागतं.

त्यांचं काळीज आता बरं झालं की नाही, हे अजून कुणी बघितलेलंच नाही, शमिका. मी तुला फसवलं. हवी तेवढी रागाव.

आणि माझं. माशांची पाटी घेऊन चढण चढताना गणपतीच्या आधीपासून मला दम लागतो. दोनदा पाटी उतरवून रस्त्यातच बसले. वय झालं, म्हटलं, आणि पाटी परत डोक्यावर घेतली. तुझा फोन आल्यापासून हात सारखा छातीवर जातो. मला भीती वाटते गो. पण हे सांगायचं तर अंगठ्यांचंही सांगावं लागतं, म्हणून पाच दिवस तोंड शिवून बसले.

आज संध्याकाळी बाबांना सांगते. शिव्या देतील, देऊ देत. माझ्याकडे तोंड तर वळवतील. परवा रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघंही निघतो. त्यांचा नंबर लावलायस तो तसाच ठेव, आणखी एक लाव. पट्टा मात्र एकच घे. माझे ठोके त्या पट्टीवर नीट उमटतात.

नंबर लावताना विचारतील, म्हणून पूर्ण लिहिते.

तुझी आई,
संध्या हरिश्चंद्र डोर्लेकर, वय त्रेपन्न