हस्केलचं नाव

सुरत, ऑक्टोबर १९७३

हस्केलदादा,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही. लढाईमुळे इस्राएलचं टपाल बंद आहे; चालू असतं तरी हे पत्र मी टाकलं नसतं.

काल सुरतेतली आपली उरलीसुरली बेने इस्राएल ज्यू घरं दीनामावशीकडे जमली. एलियाहू हन्नाबी पैगंबराच्या नावानं गोड पोह्यांचा मलिदा केला. प्रार्थना म्हणणाऱ्या शालोमकाकांनी विचारलं, "इस्राएलात कोणाकोणाची माणसं आहेत? नावं सांगा, त्यांच्यासाठी प्रार्थना करू." सगळ्यांनी आपापल्या मुला-भावांची नावं सांगितली. मी तुझं घेतलं नाही.

"मिलका, हस्केलचं नाव घे. भांडण नंतर," मावशी म्हणाली.

"त्यानं आईची आठवण ठेवली का?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

तू बोलावशील म्हणून आई दोन वर्षं ट्रंक भरून बसली होती. "घर लहान आहे, थांब," एवढंच तू कळवत राहिलास. ती वारली तेव्हा मृतांसाठीच्या कद्दिश प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषही जमेनात. तिला तशीच माती दिली.

शेवटी मी तुझं नाव घेतलं. "बहिणीचं काळीज," म्हणत मावशीनं डोळे पुसले.

माझा राग निवळलेला नाही. लढाईत मेलास तर लोक तुला शूर म्हणतील आणि मलाही रडावं लागेल. ते मला नको. तू जग, म्हातारा हो. मग इथं कबरस्तानात ये आणि आईसमोर उभा राहून कद्दिश म्हण. मी शेजारी उभी राहीन, पण आमेन म्हणणार नाही.

आईची मुलगी,
मिलका