घुमट हाताने फिरवला त्या रात्री

आई, इथूनच तुझ्या पाया पडतो.

मी बरा आहे. डोंगरावर हवा विरळ, म्हणून जिना चढताना जरा धाप लागते, इतकंच.

परवा दुर्बिणीच्या घुमटाची मोटर जळाली. इथे आलेल्या एका खगोलशास्त्रज्ञ बाईंना दोन वर्षं थांबून ती एकच रात्र मिळाली होती. त्या अगदी रडवेल्या झाल्या. मग तारे सरकतील तसतशी घुमटाची फट त्यांच्यासमोर राहावी म्हणून मी तो रात्रभर हाताने फिरवला. खांदे अजून भरून आलेले आहेत.

पहाटे त्यांनी हाक मारली, "मिस्त्री, कशासाठी राबलात ते बघा तरी!" पडद्यावर एक दीर्घिका होती, पाण्यातल्या भोवऱ्यासारखी, कडेकडेला गुलाबी तेजोमेघ. "हा उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता," त्या म्हणाल्या. चार वर्षं मी इथे नुसता दमून झोपतोय गं, वर कधी पाहिलंच नव्हतं.

नवी मोटर बसेपर्यंत रजा नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस, ताईला घेऊन जा. डोळ्यात थेंब वेळेवर घालतेस ना? पट्टी निघाली की अंगणात जाऊन आकाश बघ. किती चांदण्या दिसल्या ते ताईकडून कळव. खरं तेच कळव.

थकलेला पण धडधाकट,
तुझा धाकटा