मामांच्या बंदुकीचा दस्ता

प्रकाशे, वैशाख वद्य चतुर्थी, शके १८६०

तीर्थरूप दोधूमामांच्या चरणी भाचा छगन याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल (म्हणजे माणसे खुशाल, बंदुकीचे पुढे येईल). आपल्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा आहे.

पौषात आपण बंदूक दिलीत तेव्हा, जशी नेतोस तशी आण, एवढेच बोललात. वडील गेल्यापासून आईचा सगळा जीव तापीच्या वाळूतल्या टरबुजांच्या वाडीत, आणि रानडुकरांचाही जीव तिथेच, म्हणून तर मागितली. पण मामा, देवाने आपल्याला हात दिले लांबलचक आणि मला देताना आखडता घेतला. दस्ता खांद्याला लावला की बोट चापाला पोचेना. पहिल्याच बाराला दस्ता सटकून दंडावर बसला, आठ दिवस दंड जांभळा. म्हणून शहाद्याच्या हारुन मिस्तरींकडे गेलो. (आपल्याला विचारायला हवे होते. पण आपण नाही म्हणाला असता, म्हणून विचारले नाही.) त्यांची रीत अशी की दस्ता कोपराच्या आत टेकवायचा आणि बोट चापावर आले पाहिजे. बंडी काढा म्हणाले. थंडी मरणाची, त्यात आतला सदरा फाटका. मी कसली काढतो! कापसाच्या जाड बंडीवरूनच माप घेतले आणि दोन बोटे लाकूड उतरवले.

थंडीत बंदूक झकास बसली. वैशाखात वाडी फळाला आली, डुकरे रोज पहाटे येऊ लागली, आणि पातळ सदऱ्यावर दस्ता आखूड पडला. बार उडाला तसा माझाच अंगठा नाकावर आदळला. मग भर वैशाखात बंडी घालून वाळूत बसू लागलो. गाव पोट धरून हसले. आईने ताप समजून काढा पाजला. परवा डोळ्यांत घाम उतरला, डुक्कर राहिले बाजूला आणि आपलाच माठ फुटला. निम्मी वाडी तुडवली गेली. आई वाळूत बसून रडली. मामा, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तरी नवा दस्ता बसवून बंदूक लवकरच पोचती करतो. मामींना नमस्कार.

आपला अपराधी,
छगन

ता. क. पत्र टाकायचे राहिले. आज पहाटे आईने माझ्या हातातून बंदूक ओढून घेतली. आखूड दस्ता तिच्या खांद्याला असा बसला की पहिल्याच बाराला डुक्कर आडवे. नव्या दस्त्याचे राहू द्यावे.

आणखी एक. उरलेली वाडी वाचली, आई आज पोटभर जेवली. बंदूक परत करायचे काढले तर म्हणाली, "दादाले सांग, ती मन्हा मापनी व्हयनी शे." तिच्या मापाची झाली म्हणे! तेव्हा आपली बंदूक आपणच येऊन आपल्या बहिणीकडे मागावी. दिवस आधी कळवावा, म्हणजे मी त्या दिवशी शहाद्याला जाईन.