हद्दीबाहेर गेलेले चेंडू

ती. स्व. दादा यांस,

महिपतचा साष्टांग नमस्कार. राजश्री वहिनींनाही नमस्कार सांग. (आमची लेक राही म्हणते, मोठ्या भावाला पत्रात 'तुम्ही' लिहितात. तसं लिहायला गेलो तर पुढे काही सुचेचना, तेव्हा तूच बरा.) गुडघ्याचं काय झालं? डॉक्टरने जिने चढू नका म्हणून सांगितलंय आणि तू राहतोस तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे एकदा खाली उतरलास की भांडुपात रस्त्यावरच मुक्काम. वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? आमच्याकडे सगळं क्षेम आहे. क्षेम म्हणजे दोन वेळा जेवतो. बाकी जे चाललंय ते लिहायला बसलोय, आणि फोन का नाही केला म्हणून आधीच ओरडू नकोस. तीनदा केला. तू उचललास, मी 'दादा, ऐक' म्हटलं, तर पलीकडून माझ्याच आवाजात 'दादा, ऐक' असं आलं. तिसऱ्यांदा तर मी तोंड उघडायच्या आधीच आलं. तेव्हापासून फोन तांदळाच्या डब्यात घालून वर झाकण लावलंय.

तर मुळापासून सांगतो. घरामागची चिरेखाण तू बघितलीच आहेस. चिरे काढून काढून तळ असा सपाट झाला आणि भिंती अशा सरळ कापल्या गेल्या, की खाण बंद पडल्यावर मी तिथे राहीसाठी टेनिसचं कोर्ट आखलं. एकतीस वर्षं हायस्कुलात पी.टी. शिकवली, टेनिस मात्र पुस्तकात बघून शिकलो आणि तिला शिकवलं. (पहिली दोन वर्षं ती सर्व्हिसच्या आधी 'सावधान'मध्ये उभी राहायची. पंच हसायचे, पण सर्व्हिस आत पडायची.) नेट म्हणून जयगडच्या सुलेमानने आपलं मासे धरायचं जुनं जाळं दिलं. तोच तो, तीस वर्षं बोटीवर काढलेला, तुझ्या लग्नात पंगतीला वाढायला कंबर कसून उभा राहिला होता तो. जाळ्याला अजून बांगड्याचा वास येतो, त्यामुळे चिपळूणहून खेळायला आलेल्या पोरी नेटजवळ फिरकायच्याच नाहीत. पण त्याच कोर्टावर खेळून राही चौदा वर्षांखाली जिल्ह्यात पहिली आली आणि गेल्या वर्षी, सतरावं लागलं त्या महिन्यात, राज्यस्पर्धेच्या उपांत्य फेरीत गेली. हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिलं, कारण लिहायला बरं वाटतं.

अडचण एकच होती. पोरीच्या हातात जोर आला, आणि चेंडू खाणीच्या काठावरून वरच्या राईत जायला लागले. तिथे फुरशी साप. चेंडू आणायला जायचं म्हणजे पायावर विषाची परीक्षा. मग मी एका मंगळवारी सकाळी काठावरच्या राखणदाराच्या दगडापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. हो, मीच. आपल्या घराचं गाऱ्हाणं घालायचा मान थोरल्याचा, म्हणजे तुझा, हे मला कळतं. पण तू दोन वर्षांत आला नाहीस, आणि राखणदार काही भांडुपला यायचा नाही. 'बा राखणदारा, ह्या हद्दीतून जे काय बाहेर जाईल ते परत आणून हद्दीत ठेव, रे महाराजा!' असं म्हटलं. मागून 'होय महाराजा' म्हणायला कोणीतरी लागतं ना? सुलेमान जाळं शिवत बसला होता, तो म्हणाला. शेजारधर्म म्हणून म्हणाला बिचारा.

बुधवारी सकाळी खाणीत उतरलो, तर बेसलाइनवर चेंडूंची रांग. एकेक वीत अंतर सोडून, जसे कोणी मोजून ठेवलेत. हरवलेले सगळेच्या सगळे, आणि गार. वरून ऊन तापत होतं आणि चेंडू हातात घेतला तर विहिरीतून काढल्यासारखा गार. रांगेच्या टोकाला एक काळा रबरी चेंडू होता. दादा, त्यावर ब्लेडने 'द' कोरलेला आहे. मी तिसरीत असताना तू ज्या चेंडूपायी मला शेवग्याच्या फांदीने फोडून काढलास तो. मी तेव्हाही सांगत होतो, मी नाही घेतला, तो कातळावरून गडगडत गेला. पन्नास वर्षं झाली, त्याला एक चीर नाही. तो जपून ठेवलाय. येशील तेव्हा घे, आणि माझे फटके परत घे.

मला काय, मी खूश! फुकटचा चेंडूवाला मिळाला. राही मात्र खूश नव्हती. भर दुपारी, ती घरात जेवत असताना खाणीतून टप, टप असा भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज यायचा, आणि ती घास हातात धरून मोजत बसायची. मी म्हणायचो, वानर असतील. वानर तरी एवढ्या तालात खेळतात का, असं तिने विचारलं. मी आमटी वाढली.

त्यानंतर पुण्याच्या अकादमीचं पत्र आलं. राहीची निवड झाली. राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच, परदेशी स्पर्धांना नेणार. पंचवीस तारखेपर्यंत हजर झाली नाही तर तिची जागा दुसऱ्या मुलीला. दादा, ह्या एका पत्रासाठी पोर दहा वर्षं पहाटे उठली.

ती पहिल्यांदा एस्टीने निघाली. मी हात केला, घरी आलो, चहा टाकला, तर दारात राही. साखरप्याला डोळा लागला आणि जाग आली ती आपल्याच थांब्यावर, उतरणाऱ्यांच्या रांगेत. दुसऱ्यांदा सुलेमानने स्वतःच्या जीपमधून नेली. तो माणूस तीस वर्षं समुद्रात दिशा चुकला नाही. आंबा घाट चढले, वर धुकं लागलं, घाट उतरले, धुकं सरलं, तर समोर आपली वाडी आणि कट्ट्यावर विडी ओढणारा धाकू गुरव. घाट एकदाच चढलो आणि एकदाच उतरलो, एवढंच सुलेमान म्हणाला. घरी जाऊन दोन दिवस झोपून होता. माझ्याशी धड बोलत नाही.

तिसऱ्यांदा ती चालत निघाली. पाठीवर बॅग, खांद्याला रॅकेट, पऱ्याचं पाणी ओलांडून हमरस्त्याला लागताना मी स्वतः बघितली. वळून खाणीकडे आलो. राही बेसलाइनवर उभी. पाठीवर बॅग, खांद्याला रॅकेट, पायाचे दोन्ही अंगठे रेषेला टेकवून, जसे ते चेंडू ठेवलेले असायचे. हात धरला तर गार. मला म्हणाली, 'बाबा, मी निघाले होते ना?' तिला आत नेऊन चुलीपाशी बसवली.

आज एकोणीस तारीख. बाकी सर्व ठीक. वडीलधाऱ्यांस नमस्कार लिहिणार होतो, पण आता आपल्यात वडीलधारा तूच उरलास. तेव्हा सगळे नमस्कार तुलाच.

तुझा,
महिपत

ता. क. गुडघ्याला निरगुडीचा पाला शेकव. वहिनींना कोकम पाठवतो म्हटलं होतं, पण पिशवी दोनदा पोस्टात दिली आणि दोनदा... असो.

ता. क. दुसरा. हे पत्र परवा पेटीत टाकलं. काल सकाळी बेसलाइनवर होतं. तेव्हा आता स्पष्टच लिहितो. दादा, तू ये. गाऱ्हाणं थोरल्याने मागे घेतलं तरच सुटेल, असं धाकू गुरव म्हणतो. कोंबडा बघून ठेवलाय. गाडीभाडं मी देईन.

ता. क. तिसरा. पुन्हा परत आलं. पाकीट गार होतं. बसून विचार केला की ह्यात काय राहिलंय, आणि काय राहिलंय ते मला माहीत होतं. पुण्याचं पत्र नंतर नाही आलं. त्याच मंगळवारी सकाळी आलं होतं. राही मला घट्ट मिठी मारून नाचली, आणि मी नारळ घेऊन काठावर गेलो. चेंडूंचं मोठ्याने म्हटलं. मग ओठातल्या ओठात म्हटलं, 'राहीलाही.' सुलेमानला ऐकूही गेलं नसेल, तरी तो होय महाराजा म्हणाला. तिची आई गेल्यापासून ह्या घरात दुसरा आवाज तिचाच आहे रे. मला भीती वाटली. नंतर तीनदा दगडासमोर उभा राहिलो, 'जाऊ दे' म्हणायला, आणि तिन्ही वेळा जीभ टाळ्याला चिकटली. काल रात्री हे सगळं राहीला सांगितलं. ओरडली नाही. बराच वेळ रडली, मग बॅग भरली. आज सकाळी तिला बरोबर घेऊन गेलो आणि 'जाऊ दे' म्हटलं. मान तुझा होता, माफ कर.

हे पत्र तीच घेऊन निघालीय. रत्नागिरी स्टँडवरच्या पेटीत टाकणार आणि पुढची गाडी धरणार. म्हणजे हे तुझ्या हातात पडलं असेल तर पोरगी पोचली. मग कोंबड्याचं काही काम नाही, गाऱ्हाण्याचंही नाही. मी आता खाणीत जाऊन बेसलाइनसमोर बसतो. तरी तू ये, दादा. गुडघा सांभाळत ये, पण ये.