उपाशी ट्रॅक्टर

रविवार, १४ सप्टेंबर

बाबा, फार वर्षांनी लिहिते आहे. तुम्ही गेलात त्या पहिल्या वर्षी डायरीत तुम्हाला उद्देशून चार-पाच पानं लिहिली होती. मग ते थांबलं, आणि का थांबलं हे मी स्वतःला कधी नीट विचारलं नाही. त्याबद्दल माफ करा. आज पाठ भरून आली आहे, नखांत काळं तेल अडकलंय ते साबणाने निघत नाही, आणि खरं तर झोपायला हवं. पण आज बेसाला तुमचा छोटा ट्रॅक्टर सुरू झाला, आणि त्याच्यापाठोपाठ तुमच्यावर एक आळ आला. तो खोटा आहे हे मला ठाऊक होतं. मी चहाचा ट्रे हातात धरून उभी राहिले आणि तो येऊ दिला.

बेसा आता तुम्हाला ओळखू येणार नाही. आपल्या नर्सरीत जिथे संत्र्याच्या कलमांच्या ओळी होत्या तिथे सात मजली इमारती आहेत. आपल्याकडे घर उरलं आहे आणि मागची एक पट्टी, टिनाच्या शेडसकट. मी नागपुरात धरमपेठेत राहते आणि रविवारी जाऊन झाडांना पाणी घालून येते. शेडमध्ये तो ट्रॅक्टर सव्वीस वर्षं तसाच उभा होता. दोन वाफ्यांमधून जाईल इतका अरुंद, लोक त्याला खेळणं म्हणून हसायचे आणि तुम्ही चिडायचात. जूनमध्ये एक कबाडी आला, शेडभोवती फिरला आणि म्हणाला, "मॅडम, इसका कुछ नहीं होनेवाला. लोहे के भाव में दे दो." मी विचार करते म्हणाले. का म्हणाले ते कळलं नाही. विकून टाकला असता तर बरंच काही कायमचं बंद झालं असतं, आणि कदाचित म्हणूनच विकवला नाही. शहरातले दोन मेकॅनिक पाहून गेले, असल्या जुन्या मॉडेलचे पार्ट मिळत नाहीत म्हणाले. तिसऱ्याने सांगितलं, कुहीला एक म्हातारा आहे, धानाच्या मळणीयंत्रांची आणि पंपांची इंजिनं दुरुस्त करतो, तोच हे उघडू शकेल. त्याने नाव सांगितलं. ते आपल्या काकांचं नाव होतं.

काका मीच म्हणायचे; चौदा वर्षं ते आपल्या नर्सरीत कामाला होते. ट्रॅक्टर तुम्ही चालवायचात, पण त्याची नाडी त्यांना कळायची. मी फोन केला, कोण बोलतेय ते सांगितलं. ते तुम्हाला भाऊ म्हणायचे, तसंच म्हणाले, "भाऊची पोरगी का वं तू? अन् तो ट्रॅक्टर आहे अजून?" पुढच्या रविवारी पिशवीत नटबोल्टचे पाने घेऊन बसने आले. सत्तरीचे आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. शेडचं दार उघडल्यावर त्यांनी आधी सीट ठोकून पाहिली. आतून चिंध्या आणि भुईमुगाची टरफलं बाहेर पडली. "भाऊ बसत नोते इतकं बसले उंदीर हितं. तीन पिढ्या काढल्या असन यायनं." मग मला म्हणाले, "चाल, पाना धर." मी धरला. "कॉलेजात पोरायले शिकवतं अन् पाना उलटा धरतं?" मी हसले. फार दिवसांनी मनापासून हसले, आणि लगेच आठवलं की मला या माणसासमोर हसायचा हक्क नाही.

आता तो दिवस, सव्वीस वर्षांपूर्वीचा पोळा. तुमच्याकडे बैल नव्हते, म्हणून पोळ्याचं सगळं तुम्ही ट्रॅक्टरचं करत होतात. आदल्या संध्याकाळी लोक बैलांचे खांदे हळद-तुपाने मळायचे, तुम्ही त्याचे मडगार्ड मळायचात आणि म्हणायचात, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." मग खाली घमेलं ठेवून इंजिनातलं जुनं तेल सोडून द्यायचात. रात्रभर थेंब न् थेंब निथळला पाहिजे, हा तुमचा नियम. दुसऱ्या दिवशी दुपारी पूजा झाली की नवं तेल, ते त्याचं जेवण. ते पोटात गेल्याशिवाय घरात कुणी पुरणपोळीला हात लावायचा नाही. तोवर स्टिअरिंगला पळसाची डहाळी बांधलेली असायची. ती असली की त्याला हात लावायचा नाही, तो उपाशी आहे.

मी एकोणीस वर्षांची आहे. पंधरा दिवसांपूर्वी मी तुम्हाला म्हटलं होतं, मला चालवायला शिकवा. तुम्ही काकांसमोर म्हणालात, "काहून वं? हे पोरीच्या हातचं काम नोहे. पुस्तकं वाच." ते माझ्या मनात रुतून बसलं आहे. पोळ्याच्या सकाळी तुम्ही नवे कपडे घालून, गावचे बैल जमतात त्या तोरणाच्या जागी गेला आहात, काका नवं तेल आणायला गेले आहेत, आई पुरण वाटते आहे. तुमचा रोजचा शर्ट खुंटीवर आहे आणि त्याच्या खिशात किल्ली आहे. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की पळसाची डहाळी मला सजावट वाटली, कारण त्या दिवशी दारोदार पळसच असतो. हे खरं नाही. मला माहीत होतं. मला वाटलं, दहा मिनिटांत काय होतंय. उपाशी माणूसही चालतोच की. मी डहाळी सोडली, किल्ली फिरवली आणि गुलाबाच्या वाफ्यांमधून एक फेरी मारली. इतका आनंद मला नंतर क्वचित झाला असेल. परत शेडशी येताना आतून दाणे भरडल्यासारखा आवाज यायला लागला. मी बंद केला, होता तसा उभा केला, डहाळी पुन्हा बांधली आणि घरात जाऊन आईला वेलदोडे सोलून दिले.

दुपारी काकांनी डब्यातून तेल ओतलं. आजूबाजूची माणसं जमली होती, ट्रॅक्टर तोरणाखाली न्यायचा होता. तुम्ही किल्ली फिरवलीत, तो एकदा कण्हला आणि जाम झाला. पुन्हा फिरवलीत, काही नाही. कुणीतरी हसलं, "आज बैलानं ढेकर दिला वाट्टे!" तुम्ही खाली उतरून काकांना विचारलंत, "डबा धुतला होता का गा?"

"धुतला, भाऊ. पुसला बी."

"मंग पाणी कोठून गेलं आत? काहून जाम झालं?"

त्या गर्दीत काकांचं ऐकलं कुणी असतं? तुम्ही म्हणालात, "उद्यापासून येऊ नको." ते सायकल हातात धरून फाटकापर्यंत चालत गेले, बसले नाहीत. मी खिडकीत होते. चार शब्द बोलले असते तर ते थांबले असते. त्या रात्री बोलले असते तरी चाललं असतं, त्या आठवड्यात, तुमच्या आजारपणात, केव्हाही. मी दर वर्षी वर्गात घर्षण शिकवते, बाबा. वंगणाचं उदाहरण आलं की ते भरभर सांगून पुढच्या मुद्द्यावर जाते.

जुलैत काकांनी इंजिन उघडलं. आठ दिवस रॉकेल घालून भिजत ठेवलं होतं, तरी पिस्टन हलत नव्हता. लाकडाचा ठोकळा ठेवून मारावं लागलं. मग त्यांनी खालचं बेअरिंग काढलं, चिंधीने पुसलं, उजेडात धरलं. वितळून काळं पडलं होतं. "हे पाण्यानं नोहे, बाई," ते म्हणाले. "हे सुकं चाललं. तेल नोतंच आत, अन् कोनीतरी चालोलं." माझ्या हातात पाना होता. मी म्हटलं, "हो का?" एवढंच म्हटलं. त्या दिवशी ते लवकर निघून गेले.

त्यानंतर दर रविवारी मी वाट पाहत होते की आज विचारतील. विचारलं तर सांगायचं, असं ठरवलं होतं. न विचारता सांगायचं, हे मात्र ठरत नव्हतं. त्यांनी विचारलं नाही. क्रँक लेथवर घासून आणला, जुन्या बाजारात हिंडून दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाचा पिस्टन जमवला, रेडिएटर मीच घासला. जेवायला सोबत बसायचो. एकदा भाकरी मोडताना ते आपणहून म्हणाले, "माही बायको मरेपर्यंत म्हने, डबा नीट धुतला असता तं बेसा सुटलं नसतं. मी म्हनो, धुतला होता. मंग मंग मलेच वाटाले लागलं, नसन धुतला." माझा घास तसाच राहिला. "काहून थांबली? जेव," म्हणाले.

आज सकाळी नवं तेल घालायची वेळ आली. त्यांनी डबा उपडा करून झटकला, आतून स्वच्छ धडप्याने पुसला आणि माझ्यासमोर धरला. "पाहून घे, बाई. थेंब नाही." मी म्हटलं, "काका, मला कशाला दाखवता?" तर म्हणाले, "सवय आहे. कुहीले बी ज्याचं इंजिन असन त्याले पहिले डबा दाखवतो. लोक हासतात." मग तेल ओतलं, बॅटरी जोडली, आणि मला म्हणाले, "बस वर. तूच लाव." मी नको म्हणाले. त्यांनीच किल्ली फिरवली. दोनदा धूर टाकला आणि तिसऱ्यांदा लागला, बाबा. तोच ठकठक आवाज. समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांत माणसं आली. काका टोपी काढून उभे होते आणि एकटेच हसत होते.

चहा घेऊन मी बैठकीत आले तर ते चपला दाराशी काढून तुमच्या फोटोसमोर उभे. मी आल्याचं त्यांना कळलं होतं, तरी ते तुमच्याशीच बोलले. "भाऊ, इंजिन खोललं तवाच समजलं मले. किल्ली तुमच्याच खिशात राहे. तुम्हीच चालोलं असन सकाळी, इसरून. माणूस इसरते. मले बोलले चार लोकायसमोर, ते लागलं होतं. आता माह्या मनात काही नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रडून काहून राहिली वं? भाऊ लई चांगला माणूस होता. चूक कबूल कराले कोनाकोनाले जमतच नाही. चहा दे, थंडा होऊन राहिला."

मी चहा दिला.

दुपारपासून मन पळवाटा शोधतं आहे. एक सापडली, तीही सांगते. ट्रॅक्टर जाम झाला तेव्हा तुम्ही इंजिनावर तळहात ठेवला होता, ते सकाळच्या फेरीने अजून कोमट असणार, आणि घराकडे पाहिलं होतं. तुम्ही सगळ्यांना विचारलंत, आईलासुद्धा, मला नाही. नंतर कधी तो दुरुस्तही केला नाहीत. तुम्हाला कळलं होतं का? कळूनही काकांना जाऊ दिलं असेल, तर आजचा आळ अगदीच खोटा नाही, आणि मग मी बोलायची गरजही उरत नाही. पाहा, किती सोयीची शंका आहे. तुम्ही उत्तर देणार नाही हे माहीत असल्यामुळेच मला ती विचारता येते. दुसरी पळवाट अशी, की त्यांचं मन आज सव्वीस वर्षांनी मोकळं झालं, ते पुन्हा कशाला ढवळायचं? पण ते मोकळं झालं ते माझ्या गप्प बसण्याच्या जोरावर, आणि त्याची किंमत तुम्ही भरलीत.

ट्रॅक्टर मी त्यांना देऊन टाकला. चहा पिता पिताच म्हटलं, काका, हा तुम्हीच न्या. ते इतके खूश झाले की दोनदा विचारलं, खरं का. मंगळवारी टेम्पो घेऊन येणार आहेत. ते देणं आहे की गप्प राहण्याची लाच, हे मला त्या क्षणी कळलं नाही. आता कळतं आहे. त्यांनी तो नेण्याआधी कुणाच्या हातून घेतो आहोत हे त्यांना माहीत असलं पाहिजे. मग ते नेवोत, न नेवोत.

एक राहिलं. फोटोसमोर त्यांनी त्या चुकीसाठी तुमचं नाव घेतलं तेव्हा मला रडू आलं ते दुःखाने, असं त्यांना वाटलं. तसं वर लिहिताना मीही तुम्हाला वाटू दिलं. पण पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं होतं, बाबा.

उद्या : कॉलेजला रजा. सकाळच्या बसने कुही, काकांच्या घरी.