अंगणातली तुती

मिदिली बेट,
मंगळवार

प्रिय नेरिमान,

सुखरूप पोचलो. बोट लागली नाही, गोळ्याही वेळेवर घेतोय. तुझा गुडघा कसा आहे?

सकाळी किल्ला पाहिला, मग आपल्या तुर्कांची जुनी मशीद. दाराला कुलूप, छपराचा पत्ता नाही, आत गवत. माझं डोकंच फिरलं. समोर फोतिनी नावाच्या ग्रीक म्हातारीचं कॉफीचं दुकान आहे. तिची आजी आपल्या आयवालिकची; शंभर वर्षांपूर्वी ग्रीक इकडे नि तुर्क तिकडे अशी अदलाबदल झाली, तेव्हा घरदार सोडून इकडे आलेली. आजीमुळे तिला आपली भाषा येते. मी तिलाच सुनावलं, "आमच्या मशिदीची ही दशा केलीत. तुमच्या लोकांनी सोडलेल्या घरात आम्ही राहतो, पण ते जिवापाड जपलंय."

ती चिडली नाही. कॉफी पुढ्यात ठेवत म्हणाली, "आजी मरेपर्यंत अंगणातल्या तुतीचंच बोलायची. तुमच्या अंगणात आहे का हो तुती?"

गाडी लावायला जागा हवी म्हणून मीच ती तोडली, तू नको नको म्हणत असताना. तरी तोंडातून निघालं, "आहे की. दर वर्षी लगडते."

"मग जूनमध्ये येतेच," ती म्हणाली. "चार तुती खाते नि परत फिरते."

कॉफीचे पैसे घेईना. वर तुझ्यासाठी अंजिराच्या मुरांब्याची बरणी दिली. ती घेताना मला मान वर करवेना.

टायरपाशी तुतीच्या बुंध्याला धुमारा फुटलाय, छाटायला हवा, असं तू परवा म्हणालीस ना? छाटू नकोस. गाडी रस्त्यावर काढायला लाव आणि त्याला पाणी घाल.

तुझा,
जेव्देत