कोटातलं भिंग

ता. ३ डिसेंबर १८९१, गुरुवार

भिंगच नाही! सगळं नेलं आणि भिंगच नाही!

आत्ता कडावहून आले. पायही धुतले नाहीत. आधी लिहिते, नाहीतर रडू येईल.

मालोजींच्या अंगणात सगळी तयार होती. जयवंताला नवं लुगडं नेसवलेलं, नथ घातलेली. पोरगी मुंबईला सासरी जायची आहे, जावई तिकडे गिरणीत. गौराबाईला, मालोजींच्या बायकोला, लेकीचा फोटो हवा. "बाप्याम्होरं माजी लेक उभी नाय करायची," म्हणाली, म्हणून मला निरोप. ह्यांनी गेल्या साली मालोजींचा फोटो काढला होता, फोटोची पेटी घरात आहे हे तिला ठाऊक.

तिपाई उभी केली. पेटी चढवली. समोरचं चामड्याचं झाकण उघडलं आणि काळं फडकं डोक्यावर घेतलं. मागच्या काचेवर माणसं उलटी दिसायला हवीत. काही नाही. नुसता दुधट उजेड. बाहेर येऊन पुढून पाहिलं तर पेटीला भोक! पितळी नळी, तिच्यातलं भिंग, काहीच नाही.

झाकण पुन्हा लावलं.

"काय झालं, वैनी?" मालोजी म्हणाले.

"भिंग घरी राहिलं."

भोवतीच्या बायका हसल्या. वाईट वाटलं नाही, हसण्यासारखंच होतं. पण ओसरीवरून म्हातारी, मालोजींची आई, म्हणाली, "सासरी निघाल्या पोरीफुडं पांडऱ्या कपालाची उबी केलीस, मंग आनि काय व्हनार!"

गौराबाईनं तिला काही उत्तर दिलं नाही. मला म्हणाली, "शुक्रवारची गाडी हाय तिची. पुढल्या शुक्रवारची. त्येच्या आदी या." पाणी दिलं. लांबून सरकवून नव्हे — हातात दिलं.

येताना पेटी मांडीवर घेऊन बसले होते. जड लागली.

ता. ४

घर पालथं घातलं. फळी, ट्रंक, काचांची खोकी, औषधांच्या बाटल्यांमागे. तांदळाच्या डब्यात हात घातला — वेडेपणा!

विसरले कशी? रात्री आठवून आठवून ठेवलं होतं — काचा, फडकं, तिपाईचे खिळे. भिंग मनातच आलं नाही. कारण ते माझ्या हातात कधी आलंच नाही. अंधाऱ्या खोलीतलं काम माझं. काचेवर औषध ओतायचं, धुवायची, वाळवायची. बाहेरचं काम ह्यांचं. घाटातले पूल, बोगदे, साहेबलोकांचे घोळके. पेटी मी भरून द्यायची आणि दारातून बघायचं. भिंग हे स्वतः घ्यायचे. कुठून घ्यायचे?

इतका संसार केला आणि एवढं ठाऊक नाही.

ता. ५

कोटात! आतल्या खिशात, छातीशी. दमट हवेनं काचेवर बुरशी चढते म्हणून अंगाच्या उबेत ठेवायचे. भाकरी थापताना एकदम डोळ्यांपुढे आलं — दारात उभे राहून छातीवर हात ठेवून बघायचे, आहे ना. मला वाटायचं जानवं चाचपतात.

आणि कोट घरात नाही.

ता. ६, रविवार

सोनुबाई दूध घालायला आली तेव्हा विचारलं, ह्यांचे कपडे कोणाला दिले? श्रावणात हे गेले तेव्हा मी त्याच तापात बेशुद्ध होते. बायका सांगतात, बांगड्या फोडायला मला बाहेर आणून बसवलं होतं. मला काही आठवत नाही. सगळं भाऊजींनी केलं.

"कोट व्हय? कोंडाण्याच्या धाकलूला दिला की भाऊसायबांनी. लेण्याकडं त्यो वजी न्यायचा ना तुमच्या मालकांची."

"मला घेऊन चल."

"आज? तुमी? चालत?" मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "चला तर चला. लोकं काय, घरात बसलं तरी बोलत्यात."

वर्ष व्हायच्या आत मी भर रस्त्यानं चालते आहे, हे साऱ्या कर्जतनं पाहिलं. स्टेशनच्या बाजूनं गेलो तर दोन दुकानदार बोलायचे थांबले. मान खाली घातली. पण नदी ओलांडल्यावर कोणी नव्हतं, तेव्हा वर केली. भात कापून झालेलं. बांधाबांधानं वालाची शेतं. समोर राजमाचीचा डोंगर. हे सगळं मी फक्त काचेवर पाहिलं होतं, करड्या रंगात. आकाश तर नेहमी पांढरं! इथे ते निळं होतं. मला हसू आलं. किती महिन्यांनी.

आणि मग ते दिसले.

वालाच्या शेतात हे उभे. पाठमोरे. काळा कोट, डावा खांदा जरा उतरलेला, तिपाई लावायच्या आधी उभे राहत तसे. माझे पाय थांबले. तोंडातून हाक निघाली की नाही सांगता येत नाही. सोनुबाईनं दंड धरला.

"वैनी! बुजगावनं हाय त्ये. वैनी, बगा माज्याकडं."

धाकलू झोपडीतून धावत आला. माझ्याकडे बघेना. "घालाया धजलो नाय, बाय," म्हणाला. "यकदा आंगात घातला तर सायबांच्या तंबाकूचा वास आला. काढून ठिवला. मंग म्हनलं, शेतात उबं ऱ्हाऊ द्या. राकन करतील."

मला राग यायला हवा होता का? आला नाही. शेतात गेले. बाहीला हात लावला. आत काठी. आतला खिसा चाचपला — रिकामा. नुसतं वालाचं वाळकं पान.

"ह्यात पितळेची नळी होती, धाकलू. काचेची."

"व्हती ना. सायबांच्या भावानं माज्याम्होरं खिसं बगितलं. ती नळी काडली नि आपल्या बंडीत घातली. मंग कोट मला दिला."

भाऊजींनी! आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही.

धाकलूच्या बायकोनं विचारलं, कोट परत नेता का. नको म्हटलं. येताना मागे वळून पाहणार नव्हते. पाहिलं.

ता. ७

पेणहून निरोप. भाऊजी उद्या येताहेत, मला न्यायला. सामान बांधून ठेवावं.

पेणला सासूबाई आहेत. मी तापात होते म्हणून माझे केस राहिले. सासूबाई दर निरोपात तेवढं एकच विचारतात — आता बरी आहे ना? बरी असेल तर काय होणार हे मला ठाऊक आहे. न्हाव्याला मागल्या दारानं आणतात. माझ्या मावशीचं मी पाहिलं आहे, लहान असताना. ती मग कधी आरशासमोरून गेली नाही.

मी सामान बांधलेलं नाही.

फोटो काढता आला असता तर म्हणाले असते — मला हात आहेत, मी इथेच पोट भरीन, बायामाणसांचे फोटो काढीन. आता काय दाखवू? भोक पडलेली पेटी!

ता. ८, मंगळवार

भाऊजी दुपारी आले. धुळीनं माखलेले. ह्यांच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, पण बसताना गुडघे धरून बसले. पाठीची ठेवण तीच. मी आतल्या दाराआड उभी राहिले, रीतीप्रमाणे. मग म्हटलं, रीत पुरे.

"भाऊजी, ह्यांच्या कोटातलं भिंग तुमच्याकडे आहे."

बाहेर गाडी घाट चढायला लागली, मागून इंजिन जोडलेलं, त्याचे धक्के भिंतीला बसत होते. धक्के थांबले तेव्हा भाऊजींनी बंडीत हात घातला. रुमालाची पुरचुंडी काढली. कालपासून मी जी जी भांडणं मनात रचली होती, ती सगळी तयार ठेवून मी उभी होते.

"हे कशाचं आहे, मला काय ठाऊक," ते म्हणाले. "दादाच्या छातीशी होतं. थंडी वाजते म्हणून शेवटी कोट घालूनच पडला होता ना. मी काढलं तेव्हा हे गरम होतं, वहिनी. अंगाच्या तापानं. दादा गार पडत होता आणि हे गरम."

त्यांनी पुरचुंडी मुठीत धरली.

"आमच्या घरात रडायला जागा नाही. आई आहे, माणसं आहेत, पुरुषमाणसानं... गाडीत एकटा असलो की हातात घेतो." मग पुरचुंडी माझ्यापुढे, जमिनीवर ठेवली. "तुमचं आहे. माझं चुकलं."

रुमाल रोज धुतलेला होता. कडा विरलेल्या.

मला वाटत होतं, ह्यांच्यासाठी झुरणारी जगात मी एकटीच.

भिंग उचललं. काचेवर बोटाचे ठसे. पुसवेनात.

मी कडावचं सांगितलं. इथे राहायचं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "माझं काही नाही. पण आई थांबणार नाही, वहिनी. उद्या निघायला हवं." जमिनीकडे बघत म्हणाले. भिंग मिळालं आणि मी मात्र चालले!

ता. ९

निघालो नाही. सकाळीच पेणहून माणूस आला — भाऊजींच्या लेकीचा, ठमीचा नवरा आजारी आहे, लगेच या. ठमीचं लग्न गेल्याच माघात झालं. भाऊजी पाण्याचा घोटही न घेता गेले. "परत येऊन नेतो," एवढंच.

वाईट वाटलं. आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदम. देवा, मला क्षमा कर.

ता. १०

कडाव. भिंग बरोबर! पोलक्याच्या आत, छातीशी. वाटेत चाचपून चाचपून बघत होते.

म्हातारी ओसरीवर होतीच. "पुना आली का!" गौराबाईनं ऐकलं न ऐकल्यासारखं करून चटई टाकली.

फडक्यात शिरले. काचेवर जयवंता उलटी, पण लख्ख. नथ, कपाळ, भेदरलेले डोळे. मागे तिची आई. पहिल्यांदाच पाहिलं मी हे — जिवंत माणसं काचेवर कशी हलतात. आमच्या खोलीत यायची ती थांबलेलीच यायची.

"हलू नको हं, जयवंता. श्वास धर."

"मरन हाय काय, बाय?" पोरगी म्हणाली आणि सगळी हसली, म्हातारीसुद्धा!

दोन काचा काढल्या. भिंगाची टोपी काढली, मनात आकडे मोजले, परत लावली.

ता. ११, शुक्रवार

अंधाऱ्या खोलीत लाल कंदील. एक काच गेली, नुसती धुरकट. दुसरीवर आधी नथ आली. मग लुगड्याचा काठ. मग आईचा हात, लेकीच्या खांद्यावर. पोरगी जराशी हललीच आहे, बोटं पुसट झालीत. पण चेहरा आहे. चेहरा आला!

"आला हो!" म्हणून मी वळले.

हे उभे राहायचे तिथे नुसती फळी होती.

खूप वेळ ताटलीतलं पाणी हलवत बसले.

ता. १२

काल जयवंता गेली. आज उन्हात कागद छापला. गौराबाई स्वतः चालत आली न्यायला. फोटो पाहून रडली नाही. बोट नथीवरून, गालावरून फिरवलं. मग विचारलं, "ह्ये पुसल का?"

"उन्हात ठेवू नका. पुसणार नाही."

"तिला गाडीत बसवली तवा तिनं मागं बगितलं नाय वं," म्हणाली. आणि मग बसली ती माझ्या ओसरीवर, बराच वेळ. उठताना म्हणाली, शेजारच्या वाडीतल्या दोन बाया फोटोचं विचारत होत्या. भिवपुरीच्या एका घरातही सुनेचा काढायचा आहे.

ती गेली तशी ओसरी फार मोठी झाली.

ता. १६

कोणी नाही. चूल एकदाच पेटवली. भाऊजींची वाट बघते आहे की ते येऊ नयेत म्हणून देवाला हात जोडते आहे, माझं मलाच कळत नाही. संध्याकाळी भिंग पुसून ठेवलं. बोटांचे ठसे गेले. उगीच पुसलं.

ता. १९

बैलगाडी वाजली की वाटतं तेच. आज ट्रंक भरली. दोन लुगडी, पोथी. पेटी नेऊ देतील का? नाही देणार. ट्रंक उपसली. पुन्हा भरली.

ता. २३, बुधवार

भाऊजी आले. मी ट्रंक दारात आणून ठेवली होती. त्यांनी ती उचलली आणि आत नेऊन ठेवली.

गाडीत ठमी होती. तेरा वर्षांची. कपाळ मोकळं, पदर दोन्ही हातांनी डोक्यावर गच्च धरलेला.

"जावई गेले," भाऊजी म्हणाले. "परवा दहावा आहे. आईला सांगून आलोय, वहिनींना आणायला जातो. तिला काय सांगायचं ते मी बघीन. तुम्ही येऊ नका, वहिनी. हिला ठेवून घ्या."

गाडी गेली. पोरगी चुलीपाशी बसली. पदर सोडेना. जेवली, तीही एका हातानं.

मग विचारलं, "काकू, इथे न्हावी येतो का?"

"नाही."

मी उठून दाराला आतून कडी घातली.

ठमीनं पदर सोडला.